एडिटिंग करताना सगळं अडून बसलं तर: नव्याने शिकणाऱ्यांनी क्रमाने काय काय बघायचं

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि घरातल्या मधल्या खोलीत बसून लग्नं, मुंजी, गणेशोत्सवातले कार्यक्रम, कुणाच्या दुकानाच्या रील्स असं सगळं एडिट करते. शिकवायला कुणी नव्हतं. पहिली दोन वर्षं माझा निम्मा वेळ एडिटिंगमध्ये गेलाच नाही, "हे चालत का नाहीये" हे शोधण्यात गेला. आता भाचा शिकायला येतो आणि दर दोन दिवसांनी बाहेरच्या खोलीतून "मावशी, हँग झालं गं" अशी हाक येते. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

यात मी प्रीमियर प्रो, आफ्टर इफेक्ट्स आणि दाविंची रिझॉल्व्ह या तीन व्हिडिओ सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे कारण मी हेच वापरते. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर मेनूची नावं वेगळी दिसतील पण दुखणी बहुतेक हीच असतात.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर पुढचं वाचून फारसा फायदा नाही. त्यात काय कापलंय काय जोडलंय कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे दोष सापडतच नाही, वर व्हायरस फुकट मिळतो. पैसे नसतील तर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, ४के अल्ट्रा एचडी ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, लग्नाच्या कामाला भरपूर झालं.

जवळ काय असू द्यायचं

मीडियाइन्फो (फाइलच्या पोटात काय आहे ते सांगतं), हँडब्रेक आणि शटर एन्कोडर (फाइल बदलून द्यायला), व्हीएलसी प्लेअर. चारही फुकट आहेत. एक बाहेरची एसएसडी, निदान अर्ध्या टीबीची. यूपीएस, कारण पहिल्या पावसाच्या वादळात लाइट जाते आणि ती नेमकी एक्स्पोर्टच्या ९० टक्क्यांवर जाते. आणि एक साधी वही. वहीचं काय काम ते पुढे येईल.

१. आधी माउसवरून हात काढा

आमच्याकडे काही अडलं की पहिला सल्ला एकच, "भिया, विंडोज मारून टाक," म्हणजे सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाक. मी पण एकदा ऐकला. रिझॉल्व्ह उघडत नव्हतं, एका दुकानदाराकडे नेलं, त्याने विचारलं डेटा कुठे आहे, मी म्हटलं डी ड्राइव्हवर, त्याने सी फॉरमॅट केला. फुटेज सगळं जागेवर. प्रोजेक्ट मात्र एकही नाही! कारण प्रीमियरचा प्रोजेक्ट ही एक फाइल असते, तुम्ही ठेवाल तिथे राहते, पण रिझॉल्व्ह आपले प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि तो मुद्दाम बदलला नसेल तर सी ड्राइव्हच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. तीन लग्नं परत कापली मी. दुकानदाराला दोष देऊन काय करणार, मलाच माहीत नव्हतं.

तर अडलं की पहिलं काम प्रोजेक्टची कॉपी. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये सेव्ह अॅज करून नाव बदलायचं. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर उघडून प्रोजेक्टवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट प्रोजेक्ट, आणि ती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर. हे मी आता रोज रात्री झोपायच्या आधी करते, दूध विरजण लावल्यासारखं. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये यूझरखाली प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड आहे, तिथे लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू आहेत ना ते बघा.

क्रॅश होऊन काम गेलं असेल तर प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच ऑटो सेव्ह नावाचं फोल्डर असतं, त्यातली सगळ्यात नवी फाइल घ्या. ती उघडून बघितल्याशिवाय रडायला बसू नका.

२. दोष कोणाचा ते ठरवा

माझा भाचा काय करतो, एकदम पाच गोष्टी बदलतो. ड्रायव्हर टाकला, कॅश (सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) उडवला, सेटिंग बदललं, रीस्टार्ट केलं, आणि चालू झालं तर कशाने झालं ते कुणालाच ठाऊक नाही, पुढच्या आठवड्यात परत अडलं की परत पाचही. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहायचा. वही यासाठी.

दोष चारच ठिकाणी असू शकतो, फाइलमध्ये, प्रोजेक्टमध्ये, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा मशीनमध्ये. ओळखायचं असं: तीच क्लिप व्हीएलसीमध्ये चालवून बघा. तिथेही अडखळली तर फाइल किंवा मशीन. तिथे नीट चालली तर एक कोरा प्रोजेक्ट काढा आणि त्यात तेवढी एकच क्लिप टाका. कोऱ्यात चालली म्हणजे जुन्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी बिघडलंय, मग कोऱ्या प्रोजेक्टमध्ये जुना प्रोजेक्ट इम्पोर्ट करून बघायचं, निम्म्या वेळा एवढ्यानेच सुटतं. कोऱ्यातही नाही चालली तर दुसऱ्या कॅमेऱ्याची एखादी क्लिप टाकून बघा. ती चालली तर पहिल्या फाइलचा फॉरमॅटच सॉफ्टवेअरला पचत नाहीये. एकही चालत नसेल तर सेटिंग किंवा मशीन. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. विंडोज मारायला अख्खा दिवस.

३. लाल पडदा, म्हणजे मीडिया ऑफलाइन

घाबरू नका, फाइल कुठे गेलेली नसते. सॉफ्टवेअर फुटेज आत घेत नाही, फक्त पत्ता लिहून ठेवतं. तुम्ही फोल्डरचं नाव "कुलकर्णी लग्न" चं "कुलकर्णी लग्न फायनल" केलंत की पत्ता चुकला. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, लिंक मीडिया, लोकेट. एक फाइल दाखवली की त्या फोल्डरमधल्या बाकीच्या तो स्वतः शोधतो. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स.

बाहेरची ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावली आणि काल ई असलेली आज एफ झाली तर सगळंच लाल होतं. तेव्हा एकेक लिंक करत बसू नका, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचं अक्षर परत ई करा. अजून एक, डेस्कटॉपवर काम ठेवू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि जागा कमी पडली की तो फाइल क्लाउडवर ढकलून इथे नुसतं आयकॉन ठेवतो.

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आवाज येतो पण चित्र नाही असं झालं तर तो पत्त्याचा प्रश्न नाही. नव्या कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ फुटेज (रंगांची जास्त माहिती असलेलं, दाबून साठवलेलं) विंडोजवर फुकट आवृत्ती बहुतेक उघडत नाही. एक तर रिझॉल्व्हची स्टुडिओ ही आवृत्ती विकत घ्या, नाहीतर शटर एन्कोडरमध्ये प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या. फाइल फुगते, १०८० च्या २५ फ्रेमवाल्या एका तासाला साधारण ५५ जीबी, म्हणून ती एसएसडी.

४. टाइमलाइन अडखळते

फोनचं आणि कॅमेऱ्याचं फुटेज बहुतेक एच २६४ किंवा एच २६५ असतं, या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, मधून मधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्यांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला मागच्या पुढच्या बऱ्याच उघडाव्या लागतात. बघायला ठीक, कापायला जड. म्हणून "पिक्चर तर मस्त चालतो मग एडिटिंग का अडकतं" याचं उत्तर हे आहे.

उपाय प्रॉक्सी. हलकी नक्कल बनवायची, तिच्यावर कापायचं, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रीमियरमध्ये क्लिप निवडून राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. आणि टॉगल प्रॉक्सीजचं बटण प्रोग्रॅम मॉनिटरखालच्या अधिक चिन्हातून ओढून बाहेर काढावं लागतं, ते न काढल्यामुळे लोक प्रॉक्सी बनवून मूळवरच काम करत राहतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. घाईत असाल तर प्लेबॅक रिझोल्यूशन अर्ध्यावर किंवा पावावर आणा.

बाकी पटापट बघून घ्यायच्या गोष्टी. लॅपटॉप चार्जरला लावलाय का, बॅटरीवर ग्राफिक कार्ड हात आखडता घेतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये सॉफ्टवेअर हाय परफॉर्मन्सवर आहे का. प्रीमियरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडररसमोर जीपीयू (म्हणजे ग्राफिक कार्ड) अॅक्सिलरेशन लिहिलंय की सॉफ्टवेअर ओन्ली. टास्क मॅनेजर उघडून बघा काय १०० टक्क्यांवर आहे, डिस्क असेल तर फुटेज जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आणा, रॅम असेल तर ब्राउझरचे चाळीस टॅब आधी बंद करा. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो, मग तो तापून स्वतःला हळू करतो, त्यात सॉफ्टवेअर बिचारं काय करणार.

नवीन मशीन घ्यायला जेल रोडला गेलात तर एक लक्षात ठेवा, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो त्यात आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ पटकन उघडायची इंटेलची सोय) नाही, आणि एच २६४ उघडायला क्विक सिंकची चांगली मदत होते. दोन तीन हजार वाचवायला दुकानदार हमखास एफवाला दाखवतो. गेम खेळणाऱ्याला चालेल, आपल्याला नको.

कॅश साफ करायचा तो असा: प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया कॅश, डिलीट. आफ्टर इफेक्ट्समध्ये एडिट, पर्ज, ऑल मेमरी अँड डिस्क कॅश. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतून डिलीट रेंडर कॅश. यात मूळ फुटेजला धक्का लागत नाही, पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडायला थोडा वेळ लागतो इतकंच.

५. ओठ एकीकडे आवाज दुसरीकडे

याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण यात माझी सगळ्यात जास्त फजिती झाली आहे.

एका लग्नात माझा कॅमेरा स्टेजच्या डाव्या बाजूला होता आणि मुलीच्या काकांनी समोरून फोनवर सलग बावीस मिनिटं शूट केलं होतं, अंतरपाटाच्या आधीपासून. अँगल इतका सुंदर की मी तोच मुख्य घेतला. सुरुवातीला सगळं बरोबर. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं, हळूहळू काहीतरी खटकायला लागलं, आणि शेवटी "शुभ मंगल सावधान" ऐकू येतंय तेव्हा गुरुजींचं तोंड मिटलेलं आणि अक्षता आधीच डोक्यावर पडून गेल्या. दोन सेकंदांच्या वर फरक. मी वेड्यासारखं क्लिपचे तुकडे करून प्रत्येक तुकडा मागे सरकवत बसले, रात्रभर. पूर्ण चुकीचा रस्ता!

कारण असं की फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम घेत नाही. ३० लिहिलेलं असतं पण उजेड कमी झाला, फोन तापला की कधी २९, कधी २७ करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र घड्याळासारखा एका चालीने चालतो. सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडायला गेलं की चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकत जातात, आणि क्लिप जितकी लांब तितकी दरी मोठी. दहा सेकंदांच्या रीलमध्ये कळतही नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही हेच होतं.

ओळखायचं कसं: फाइल मीडियाइन्फोमध्ये टाका आणि फ्रेम रेट मोडसमोर बघा, व्हेरिएबल लिहिलंय की कॉन्स्टंट.

उपाय: हँडब्रेकमध्ये फाइल उघडा, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेटला ३० निवडा आणि त्याखाली कॉन्स्टंट फ्रेमरेटवर खूण करा. क्वालिटी १६ ते १८ च्या मध्ये ठेवा, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, तो उलटा असतो हे लक्षात ठेवा. निघालेली फाइल एडिटिंगला घ्या. हे एडिटिंग सुरू करायच्या आधी करायचं. अर्धं कापून झाल्यावर नाही, तेव्हा केलं तर कट इकडे तिकडे सरकतात. प्रीमियर हल्ली असं फुटेज बऱ्यापैकी सांभाळून घेतो, इफेक्ट कंट्रोल्समध्ये सोर्स क्लिपला आवाजाचा मेळ राखायचा पर्याय पण असतो, पण अर्ध्या तासाची क्लिप असेल तर मी आधी बदलूनच घेते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर मामला वेगळा आहे. तिथे दोन यंत्रांची घड्याळं एकमेकांशी किंचित जुळत नाहीत. सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, शेवटीही एक. पहिली टाळी जुळवा, दुसरी किती लांब पडते बघा, आणि प्रीमियरच्या रेट स्ट्रेच टूलने आवाजाचं टोक तेवढं ओढा. हे फार थोडं असतं, कानाला फरक कळत नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

आणि नातेवाइकांकडून फुटेज मागताना "व्हॉट्सअॅप करून द्या" म्हणू नका. व्हॉट्सअॅप चिरडून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत जातं, किंवा घरी जाऊन पोहे खाऊन केबलने घेऊन या.

कॅमेरा २५ वर आणि फोन ३० वर असेल तर २५ च्या टाइमलाइनवर फोनच्या प्रत्येक सहा फ्रेममधली एक गळते, त्यामुळे वरात चालताना झटके दिसतात. तो बिघाड नाही, हिशोब आहे. शूटच्या आधी सगळ्यांना सारखं सेट करायला सांगणं हाच खरा इलाज. हॉलच्या एलईडीत पट्टे फिरताना दिसतात ते पण शूटमध्येच चुकलेलं असतं, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून शटर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवा.

६. आफ्टर इफेक्ट्सचे नखरे

पहिला प्रश्न, कॅप्स लॉक चालू आहे का? हसू नका. कॅप्स लॉक चालू असला की आफ्टर इफेक्ट्स चित्र ताजं करणं थांबवतं, खाली लाल पट्टीत तसं लिहूनही येतं पण ते कोण वाचतं. मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

दुसरं, हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर नाही. स्पेस दाबलं की लगेच सुरळीत चालेल ही अपेक्षाच चुकीची, ते आधी प्रत्येक फ्रेम बनवून रॅममध्ये ठेवतं, वरची पट्टी हिरवी होत जाते, हिरवी झाली तेवढंच खऱ्या वेगाने चालतं. त्यामुळे बी आणि एन या कीने वर्क एरिया लहान करून तेवढाच तुकडा बघायचा. आणि मग तो परत मोठा करायला विसरायचं नाही! रेंडर क्यू बहुतेक वर्क एरियाएवढंच रेंडर करतं, वीस सेकंदांच्या टायटलचे पाचच सेकंद हातात येतात.

"कॅश्ड प्रिव्ह्यूला दोन किंवा जास्त फ्रेम लागतात" असा एरर आला तर रॅम पुरत नाहीये. कॅश पर्ज करा, बाकी सॉफ्टवेअर बंद करा, प्रेफरन्सेसच्या मेमरीत दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी किती रॅम राखून ठेवली आहे ती कमी करा. १६ जीबी ही अडोबीनेच सांगितलेली कमीत कमी रॅम आहे, ८ वर माझ्या एका मैत्रिणीने ओढली दोन वर्षं पण तिच्या संयमाला नमस्कार.

विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये रंगीत उभे पट्टे दिसले तर फुटेज हरवलंय, उघडतानाच मिसिंग इफेक्ट म्हणालं तर त्याला लागणारं प्लगिन तुमच्याकडे नाही. टेम्प्लेट घेण्याआधी "प्लगिन लागत नाही" असं लिहिलंय का ते वाचा.

आणि पारदर्शक टायटल काळ्या बॅकग्राउंडसह बाहेर आलं, हा प्रश्न मला आठवड्याला एकदा येतो. एच २६४ मध्ये पारदर्शकता बसतच नाही. क्विकटाइममध्ये प्रोरेस ४४४४ घ्या आणि चॅनेल्समध्ये आरजीबी प्लस अल्फा निवडा, अल्फा म्हणजे पारदर्शकतेची माहिती. कडांना काळी किनार दिसली तर इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन अल्फा स्ट्रेटचा प्रीमल्टिप्लाइड किंवा उलट करून बघा.

सगळंच विचित्र वागायला लागलं तर प्रेफरन्सेस रीसेट करा. आफ्टर इफेक्ट्स सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून धरायचं, प्रीमियरला ऑल्ट. तुमचे शॉर्टकट आणि वर्कस्पेस आधी एक्स्पोर्ट करून ठेवा.

७. मराठी अक्षरं तुटतात

इंग्रजीतून शिकवणारे व्हिडिओ याबद्दल काही सांगत नाहीत, म्हणून इथे थांबते.

तुम्ही "श्री गणेश प्रसन्न" टाइप केलं आणि श आणि री वेगळे झाले, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली किंवा मध्ये ठिपक्यांचं गोल आलं, तर फॉन्ट बदलत बसू नका. टेक्स्ट इंजिन चुकीचं आहे. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइपमध्ये टेक्स्ट इंजिनचा पर्याय बघा, तिथे लॅटिन असेल तर साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा. सॉफ्टवेअर बंद करून उघडा आणि टेक्स्ट लेअर नवीन घ्या, जुना लेअर जुन्यासारखाच तुटका राहू शकतो.

तरीही जमत नसेल किंवा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असाल तर इंकस्केपमध्ये, ते फुकट आहे, शब्द लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि तो टाइमलाइनवर ठेवा. यात कमीपणा काही नाही, मी मोठ्या टायटलला अजूनही असंच करते.

पुढचा सापळा पत्रिकेचा मजकूर. छापखान्यातून येतो तो बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला, पेस्ट केला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि केल्यावर एकेक शब्द डोळ्यांनी वाचा. रफार आणि जोडाक्षरं बरोबर आली का, ळ जागेवर आहे का. युनिकोडमध्ये मुक्ता आणि बालू हे दोन फुकट फॉन्ट चांगले आहेत. तिरो देवनागरीची तर वेगळी मराठी आवृत्तीच आहे, त्यात आपल्या वळणाचा ल मिळतो, हिंदी वळणाचा नाही.

आणि हे खास आपल्या गावासाठी. इथे टाइप करणारा बहुतेक हिंदीवाला असतो, त्याच्या बोटांना ळ आणि ऱ्य ची सवय नसते. एका लग्नात मी इंट्रो बाहेरून करून घेतला, बघितला नाही नीट, आणि हॉलच्या मोठ्या स्क्रीनवर "लग्नसोहला" आणि खाली "कर्हाडे परिवार" झळकलं. आजी पहिल्या रांगेत. "आमचं आडनाव बदललंस होय गं?" म्हणाल्या. कीबोर्ड इनस्क्रिप्ट असेल तर ल च्या कीवर शिफ्ट दाबलं की ळ, र च्या कीवर शिफ्ट दाबलं की ऱ, आणि त्या ऱ ला पाय मोडून पुढचं अक्षर टाइप केलं की कऱ्हाडे, दुसऱ्या, वाऱ्यावर सगळं नीट येतं. साध्या र ने केलं की रफार होतो.

टेक्स्ट अॅनिमेशन एकेका अक्षराने देऊ नका, काना मात्रा सुट्या उडतात. रेंज सिलेक्टरच्या अॅडव्हान्स्डमध्ये बेस्ड ऑनला कॅरेक्टर्स असतं ते वर्ड्स करा. शब्दाशब्दाने आलेलं मराठी टायटल दिसतंही जास्त छान.

८. एक्स्पोर्ट अर्ध्यात मरतं

एरर कंपायलिंग मूव्ही आला की लोक ओके दाबून परत एक्स्पोर्ट करतात. त्या डब्यात बहुतेक वेळा टाइमकोड लिहिलेला असतो, तो वहीत उतरवा आणि टाइमलाइनवर तिथे जा. तिथे एखादा जड इफेक्ट, खराब क्लिप किंवा भलामोठा फोटो सापडतो. इफेक्ट बंद करून बघा, किंवा तो तुकडा रेंडर अँड रिप्लेस करा. टाइमकोड नसेल तर टाइमलाइन निम्मी निम्मी करा, पहिला अर्धा निघाला का, मग दोष दुसऱ्यात, त्याचा परत अर्धा. चार पाच फेऱ्यांत गाठता येतं.

तरी नाहीच झालं तर एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगचं सॉफ्टवेअर एन्कोडिंग करा. हळू होतं, पण होतं, लावून सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन या. रिझॉल्व्ह जीपीयू मेमरी फुल म्हणालं तर टाइमलाइन रिझोल्यूशन कमी करा आणि दुसरी ग्राफिकवाली सॉफ्टवेअर बंद करा. ड्रायव्हर जुना असेल तर एनव्हीडियाचा गेम रेडी न घेता स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, पण अर्ध्या कामात नाही. सॉफ्टवेअरचं अपडेटही नाही. काम देऊन झाल्यावर.

बरोबर ४ जीबीला येऊन थांबत असेल तर पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये आहे, त्यात त्याहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट करा, आतला डेटा आधी काढून घेऊन.

बिटरेट १०८० ला १६ ते २० एमबीपीएस पुरतो. घरच्या टीव्हीवर बघायला द्यायचं असेल तर एच २६४ आणि एएसी आवाज, एच २६५ जुन्या टीव्हीवर चालत नाही आणि मग रात्री अकराला फोन येतो.

आयफोनचं फुटेज टाइमलाइनवर भगभगीत पांढरं दिसत असेल तर ते एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला असलेलं) आहे, १२ पासून पुढच्या आयफोनमध्ये हा प्रकार. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, आणि तिथे कलर स्पेस रेक ७०९ (साध्या व्हिडिओची) करा. पुढच्या वेळी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली एचडीआर बंद करायला सांगा.

९. तरीही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल तर

"प्रीमियर चालत नाहीये, काय करू?" एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. हे सोबत द्या:

सॉफ्टवेअरचं पूर्ण व्हर्जन, नुसतं "लेटेस्ट" नको
विंडोज की मॅक आणि कुठलं
प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर
फुटेज कशावर शूट केलं आणि मीडियाइन्फोमध्ये काय दिसतं
एररचे शब्द जसेच्या तसे
शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं
आतापर्यंत काय काय करून बघितलं, म्हणजे ती वही

आणि स्क्रीनचा फोनवरून काढलेला तिरका फोटो पाठवू नका, त्यात एररपेक्षा ट्यूबलाइट जास्त दिसते. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की स्क्रीनशॉट निघतो.